प्रमाण उमेदवार

मामाचा धंदा मुलाखत घेणाऱ्यांना मुलाखत घ्यायला शिकवण्याचा आहे. हे कुणाला सांगितलं की ऐकणारा मला हमखास दुरुस्त करतो, "देणाऱ्यांना ना?" नाही, घेणाऱ्यांना. देणाऱ्यांना शिकवणारे गल्लोगल्ली आहेत. घेणाऱ्यांना मात्र आपल्याला काही शिकायचं आहे असं वाटतच नाही, त्यामुळे मामाला स्पर्धक नाही. गिऱ्हाइकंही बेताचीच आहेत, पण तो विषय मामी काढते, मामा काढत नाही.

त्याची पद्धत अशी. एखाद्या कारखान्यातले दोन-तीन अधिकारी एका खोलीत बसवायचे आणि त्यांच्यासमोर एक उमेदवार पाठवायचा. त्यांनी नेहमीसारखी मुलाखत घ्यायची आणि एकमेकांना न दाखवता दहापैकी गुण द्यायचे. मग ते गुण फळ्यावर लिहायचे. एकाच माणसाची तीच उत्तरं ऐकून एकाने नऊ दिलेले असतात आणि दुसऱ्याने चार. मामा फळ्याकडे बघत बसतो, खोलीतली चुळबुळ वाढू देतो आणि मग म्हणतो, "उमेदवार एकच. उत्तरं तीच. मग फरक कुठून आला?" एवढं बोलून तो पाणी पितो.

यासाठी उमेदवार दर वेळी तंतोतंत सारखा हवा. पूर्वी मामा हाताशी येईल त्याला उभं करायचा. शेजारचे निवृत्त मास्तर दर खेपेला उत्तर लांबवत न्यायचे. मामीच्या भावाने एकदा तिसऱ्याच प्रश्नाला "हे तुम्हाला कशाला हवंय?" असं विचारून समोरच्या तिघांना गप्प केलं होतं.

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून नोकरी शोधायला मामाकडे राहायला आले, तेव्हा जेवताना हे सगळं कळलं. मी त्याला म्हटलं की तराजू तपासायचा असेल तर आधी वजन पक्कं हवं. प्रयोगशाळेत त्यासाठी प्रमाण वजनं असतात. वजनच रोज बदलत असेल तर काट्याला दोष देता येत नाही.

मामाने हातातला घास ताटात ठेवला. "तू होशील का?"

"काय?"

"वजन."

"भरल्या ताटावर भाचीला वजन म्हणतोस!" मामी म्हणाली. "आणि मग म्हणायचं, पोरगी नीट जेवत नाही."

अशी मी मामाची प्रमाण उमेदवार झाले. मला पाहिजे असलेली नोकरी मिळेपर्यंत, असं ठरलं होतं. मला प्रयोगशाळा हवी होती. टेबलामागची खुर्ची नको होती, प्रयोगाच्या ओट्यापाशी उभं राहून करायचं काम हवं होतं.

उत्तरं मीच लिहिली. "काहीही लिही, फक्त बदलू नकोस," एवढीच मामाची अट होती. तेव्हा मी एक निर्णय घेतला आणि तो मला अगदी शास्त्रीय वाटला. रचलेली गोष्ट लक्षात ठेवावी लागते. घडलेली गोष्ट आपोआप राहते. म्हणून उत्तरांमध्ये मी सगळं माझंच घातलं. माझं शिक्षण, मला रसायनशास्त्र का आवडतं, माझा उतावळेपणा आणि लिफ्टची गोष्ट.

लिफ्टची गोष्ट अशी. शेवटच्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेतला सूक्ष्म तराजू वेड्यासारखा वागायला लागला. शेवटचे दोन आकडे मधूनच उड्या मारायचे. दुरुस्तीवाला येऊन गेला, तो असेपर्यंत तराजू शहाण्यासारखा वागला. पंखे बंद केले, खिडक्या लावल्या, काही फरक नाही. मग एकदा सगळे जेवायला गेलेले असताना मी भिंतीला कान लावला. पलीकडून लिफ्ट जात होती. तराजू तिथून हलवला आणि आकडे स्थिर झाले.

मी लिहिलेली गोष्ट याच्या दुप्पट लांब होती. मामाने खालचा अर्धा भाग कापला.

"पण तेच तर मुख्य आहे," मी म्हटलं.

"तुझ्यासाठी. लिफ्ट सापडली की गोष्ट संपली. पुढचं वाचताना मला जांभई आली."

तालीम मामीसमोर व्हायची. मामी घरी पडदे शिवून देते. ती मशीन चालवता चालवता प्रश्न विचारायची आणि माझ्या उत्तरात एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर तोंडात टाचण्या धरूनच "अं हं" करायची. "भिंतीला कान लावला" या वाक्यावर एकदा तिने मशीनच थांबवलं.

"इथे थांबत जा," ती म्हणाली. "ऐकणाऱ्यालाही जरा कान लावू दे."

तेव्हापासून तिथे मी थांबायला लागले. थांबणंही पाठ झालं.

काम सोपं होतं आणि मला त्यात रस होता. बँका, दवाखाने, एक छापखाना. मी आत जायचे, तेच सांगायचे, बाहेर यायचे. माझ्या उतावळेपणाला कुणी प्रामाणिकपणाचे गुण दिले, तर कुणी त्याच वाक्याखाली लाल रेघ मारली. एका गृहस्थांनी मला फक्त तीन दिले, कारण मी त्यांच्या मेहुणीसारखी दिसत होते. हे त्यांनी स्वतःच कबूल केलं. मामाच्या नियमाप्रमाणे मी उत्तरांबाहेर चकार शब्द काढायचा नव्हता. लोकांना मी नाटकातली नटी वाटायचे आणि मामा तो समज तसाच राहू द्यायचा.

त्याच काळात औषधाच्या बाटल्या बनवणाऱ्या एका काचेच्या कारखान्यात आम्ही गेलो. तिथे तिघं होते. व्यवस्थापक, ज्यांचा फोन टेबलावर सतत गुरगुरत होता. कर्मचारी विभागाच्या बाई, ज्या प्रत्येक उत्तरावर मान डोलवत होत्या. आणि मुख्य केमिस्ट, पांढऱ्या भुवयांचे, ज्यांनी मला बसा असंही म्हटलं नाही. बाईंनी नऊ दिले, व्यवस्थापकांनी सात, केमिस्टनी चार.

फळ्यावरचा चार बघून मामाला आनंद झाला. त्याला असा एक आकडा लागतोच. "साहेब," तो केमिस्टना म्हणाला, "काट्यात दोष दिसतोय."

सगळे हसले. आभार मानायला मला आत बोलावलं होतं, म्हणून मी दाराशी उभी होते.

"लिफ्टच होती कशावरून?" केमिस्टनी विचारलं.

"साहेब, आपण उमेदवार तपासतोय, लिफ्ट नाही."

पुन्हा हशा. केमिस्टनी माझ्याकडे पाहिलं. मला उत्तर माहीत होतं. ते कापलेल्या अर्ध्या भागात होतं. पण नियम नियम होता. मी हात जोडले आणि बाहेर पडले.

पुढे हिवाळा गेला. नोकरीसाठी मी पाठवलेल्या अर्जांपैकी बहुतेकांना उत्तर आलं नाही. जिथून बोलावणं आलं तिथे प्रयोगशाळा नव्हती, विक्रीची कामं होती. मामा खूश होता. त्याने कार्डांवर माझा उल्लेखही छापून घेतला. मला एक वेगळीच गोष्ट जाणवायला लागली होती. प्रमाण वजन चिमट्याने उचलतात आणि रोजच्या मोजणीला वापरत नाहीत, कारण हाताळून ते झिजतं. हे मी मामीला सांगितलं.

"मी झिजतेय मामी."

"झिजतेस कुठली! परवाच तुझा कुडता मी उसवून सैल केलाय."

तेवढ्यात त्याच काचेच्या कारखान्याची जाहिरात आली. प्रयोगशाळेत सहायक केमिस्ट हवा होता. काच दळायची, पाण्यात उकळायची, पाण्यात किती अल्कली उतरली ते मोजायचं. मला हवं होतं ते नेमकं हेच. मी अर्ज केला आणि बोलावणं आलं.

"तिथली माणसं ओळखीची आहेत," मी घरी सांगितलं. "त्याचा फायदाच होईल."

"ओळखीचा चोर जिवे न सोडी," मामी मशीनवरूनच म्हणाली.

मामाने माझी तयारी करून घ्यायचं कारण नव्हतं. "अख्ख्या गावात तुझ्याएवढा सराव कुणाचा आहे?" तो म्हणाला. ते खरंच होतं. मी काच आणि अल्कली यांवर जेवढं मिळालं तेवढं वाचलं, प्रमाणपत्रांची फाइल लावली आणि गेले.

तीच खोली होती आणि तेच तिघं. मला पाहताच व्यवस्थापक उठून उभे राहिले.

"या, या! म्हणजे आज आमची परीक्षा आहे तर!"

मी हसले. मला तो विनोद वाटला.

बाईंनी स्वतः उठून माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. व्यवस्थापकांनी फोन बंद केला, मला दिसेल असा उंच धरला आणि खणात टाकला. "आरामात बसा," बाई म्हणाल्या. "एखाद्या अवघड प्रसंगातून तुम्ही वाट कशी काढलीत, ते तुमच्या शब्दांत सांगाल का? घाई नाही."

मला इतक्या चांगल्या पद्धतीने प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. मी लिफ्टची गोष्ट सुरू केली. माझ्याजवळ सांगण्यासारखी तीच एक होती. दुरुस्तीवाला आला, गेला, पंखे बंद केले, सगळे जेवायला गेले, मी भिंतीला कान लावला. आणि थांबले.

थांबले तेव्हा बाईंकडे लक्ष गेलं. त्यांचे ओठ हलत होते. "पलीकडून लिफ्ट जात होती," हे त्या माझ्याबरोबर, आवाज न काढता म्हणाल्या. शाळेच्या संमेलनात आपलं मूल कविता म्हणत असताना आया करतात तसं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाण्याचा पेला, खणातला फोन, ऐसपैस विचारलेला प्रश्न, हे सगळं मामाने शिकवलेलं होतं. ते मला तपासत नव्हते. आपल्याला न कळवता हिला पुन्हा पाठवलंय, आज आपली अचानक तपासणी आहे, अशा समजुतीने ते आपापलं काम उत्तम करून दाखवत होते. खोलीत मुलाखत त्यांची चालली होती.

"एक सांगायचं होतं," मी म्हटलं. "आज मला ट्रेनिंगसाठी कुणी पाठवलेलं नाही. मी खरीच उमेदवार आहे. अर्ज केलाय."

"हो, हो," बाई समजूतदारपणे म्हणाल्या. "अर्ज पाहिला ना. फार छान केलाय."

मी फाइल पुढे सरकवली. व्यवस्थापकांनी प्रमाणपत्रं चाळली आणि शिक्क्यावरून बोट फिरवलं. "या वेळी कागदसुद्धा! तुमचे सर म्हणजे कमालच आहेत. कुठे म्हणून कसर ठेवत नाहीत."

"ते माझे मामा आहेत."

"काय सांगता!" व्यवस्थापक बाईंकडे वळले. "पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलंय ना आपण त्यांना?"

"मामासुद्धा गोष्टीतलेच असतील," बाई म्हणाल्या आणि काहीतरी टिपून घेतलं.

मी विचार केला. माझ्याबद्दलचं जे काही खरं होतं ते मी आधीच, याच खोलीत, खोटं म्हणून वापरून टाकलं होतं. आता तेच पुन्हा सांगून उपयोग नव्हता. आणि खोटं सांगायची माझी तयारी नव्हती. तयारी म्हणजे सराव, या अर्थाने.

केमिस्ट आतापर्यंत एक शब्द बोलले नव्हते. त्यांनी पाणी दिलं नव्हतं, फोन लपवला नव्हता, हसले नव्हते. "सर, आता तुमची पाळी," बाईंनी त्यांना सुचवलं.

"मी काही विचारत नाही," ते म्हणाले. "मागे एक विचारलं तर काट्यात दोष निघाला."

व्यवस्थापक खाली बघायला लागले. मला एकच जागा दिसली जिथे अजून कुणाचा पाय पडला नव्हता. तिथे पाय ठेवला तर मामाच्या पायाखालची सतरंजी निघणार होती, हेही दिसत होतं. पुढच्या महिन्याचं काम याच खोलीत होतं.

"तुमचा प्रश्न बरोबर होता," मी केमिस्टना म्हटलं. "लिफ्टच होती कशावरून, ते उत्तरात नव्हतं. गोष्ट मोठी होते म्हणून मामाने तो भाग कापला होता."

त्यांनी पहिल्यांदा भुवया उचलल्या. "मग होतं काय त्यात?"

"मैत्रिणीला लिफ्टमध्ये बसवलं. तिने वाटेल तेव्हा, वाटेल त्या मजल्यावर जायचं आणि वेळ लिहायची. मी आत बसून आकडा उडाला की वेळ लिहायची. एकमेकींचं बघायचं नाही."

"आणि जुळलं?"

"नाही."

"नाही?"

"एकही वेळ जुळली नाही. आम्हाला वाटलं लिफ्टचा संबंधच नाही. मी रडले. मग तिच्या लक्षात आलं की चूक प्रत्येक ओळीत सारखीच आहे. तिचं घड्याळ पुढे होतं."

केमिस्ट खुर्चीत जरा पुढे आले. "किती पुढे?"

"आठवत नाही."

"साधारण?"

"साधारणही आठवत नाही. आता सांगितलं तर अंदाजपंचे होईल."

"लिफ्ट भरलेली असताना आणि रिकामी असताना, फरक पडत होता?"

"ते आम्ही पाहिलंच नाही."

"का?"

"सुचलं नाही," मी म्हटलं. "आत्ता तुम्ही म्हणालात तेव्हा सुचलं."

बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या, पण त्यांचे ओठ आता हलत नव्हते. त्यांना पुढचं माहीत नव्हतं.

"एक मिनिट," व्यवस्थापक म्हणाले. "म्हणजे तेव्हा यांनी दिलेले चार बरोबर होते?"

"जे उत्तर मी दिलं त्याला चारच. मीही चारच दिले असते."

"आणि आमचे सात?"

मी गप्प बसले. मग वाटलं, आता गप्प बसणंही उत्तरच धरतील. "त्यातले काही मी जिथे थांबले त्याचे असतील. थांबायला मामीने सांगितलं होतं. ती पडदे शिवते."

केमिस्टच्या घशातून एक आवाज आला. तो हसण्याचा होता हे मला नंतर, त्यांच्याबरोबर काम करायला लागल्यावर कळलं.

बाईंनी पुढ्यातला कागद काढला, चुरगळला आणि कोरा घेतला. "मग पहिल्यापासून सुरू करू या," त्या म्हणाल्या, या वेळी बऱ्याच कोरड्या आवाजात. "नाव?"

मी नाव सांगितलं. व्यवस्थापकांनी खणातून फोन काढून टेबलावर ठेवला आणि तो लगेच गुरगुरला.

त्यानंतरची मुलाखत मी आजवर दिलेल्या सगळ्या मुलाखतींपेक्षा वाईट झाली. पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल, यावर माझ्याकडे सुरेख पाठ उत्तर होतं आणि तेच वापरता येईना. मी "माहीत नाही" म्हटलं. काच उकळताना साधं पाणी वेगळं का उकळून बघतात, हे सांगताना अडखळले, मग सांगितलं. माझी उणीव विचारली तेव्हा मी उतावळेपणा सोडून दुसरी शोधत बसले, आणि ती लवकर सापडेना.

घरी आल्यावर मामाला सगळं सांगून टाकलं. त्याला तिसऱ्याकडून कळणं बरं नव्हतं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. हाताशी पाणी होतं, पण ते त्याने प्यायलं नाही.

"म्हणजे त्यांच्यासमोर तू मला चूक ठरवलंस."

"तुला नाही. त्या चारला बरोबर म्हटलं."

"एकच झालं! कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो हाच."

"दांडा बसवला कुणी?" मामी आतून म्हणाली. "पोरीची गोष्ट तू कापलीस. पडदा आखूड बेतायचा आणि मग खिडकीला नावं ठेवायची."

मामा त्या दिवशी माझ्याशी पुन्हा बोलला नाही. दुसऱ्या दिवशी बोलला, पण फक्त कामापुरतं. जुन्या उत्तरांचे कागद त्याने काढले होते आणि कापलेला भाग तो दोनदा वाचत असलेला मी पाहिला. जांभई आली की नाही ते दिसलं नाही. त्याची पाठ माझ्याकडे होती.

त्याच आठवड्यात बाईंचा फोन आला.

"एकदा शेवटचं विचारते," त्या म्हणाल्या. "तुम्ही नक्की उमेदवारच होतात ना? म्हणजे पत्र पाठवलं तर तुम्ही खरंच कामावर याल ना? नाहीतर आमचं हसं व्हायचं."

"येईन."

"बरं. दोघांनी हो म्हटलंय. मी नाही म्हटलं होतं, तेही सांगून ठेवते. मला तुमची मागची मुलाखत आवडली होती." मग त्या म्हणाल्या, "आणि मामांना निरोप द्या. ट्रेनिंग ठरल्याप्रमाणे आहे. केमिस्ट साहेब म्हणतात, जरूर या, पण उमेदवार नवा आणा. जुना आम्ही ठेवून घेतोय."

निरोप ऐकून मामा म्हणाला, "तो माणूस मला पहिल्याच मिनिटाला धरणार." पण त्याने कॅलेंडरवर तारखेभोवती खूण केली. मग त्याला आठवलं की आता उमेदवारच नाही. मास्तरांचं नाव निघालं आणि मागे पडलं. मामीच्या भावाचं निघायच्या आधीच मामाने हात वर केले.

"मी जाते," मामी म्हणाली.

आम्ही दोघंही तिच्याकडे बघत राहिलो.

"बघताय काय? हिची सगळी उत्तरं मला पाठ आहेत. एक शब्द इकडचा तिकडे होणार नाही."

"तिची उत्तरं तिथे चालणार नाहीत," मामा म्हणाला. "नवी लागतील."

मामीने मशीनवरचा पडदा बाजूला केला आणि मला समोर बसायला सांगितलं. कामावर रुजू व्हायला मला अजून थोडा अवकाश होता. मी कागद घेतला.

"काय काय लिहायचं?" तिने विचारलं. "लग्नाआधी मी टपाल कचेरीत होते, ते घालू?"

"नको. मामी, खरं काहीच घालू नकोस."

"काहीच नको?"

"एकही नको. कधी लागलं तर तुझ्याकडे शिल्लक हवं."

तिने जरा विचार केला, एक टाचणी तोंडातून काढून उशीत खुपसली. "बरं. आणि घरी कसं काय, नवरा कसा आहे, असं विचारलं तर?"

"तर सगळं उत्तम आहे म्हण."

"ऐकलंस का," मामी मामाला म्हणाली आणि पुन्हा पायाने मशीन सुरू केलं.